स्टोक फेरिसनंतर विदरकोम

सुमित्रा हळबे कोसळली तेव्हा ती नवऱ्याची चूक दुरुस्त करत होती.

संध्याकाळची वेळ. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून चार गल्ल्या पलीकडे त्यांचं विटांचं घर. १९८५ चा जानेवारी, आणि बाहेर श्वास गोठेल अशी थंडी. सुमित्रा स्टोव्हपाशी उभी राहून संक्रांतीच्या वड्यांसाठी गूळ वितळवत होती. गुरुदत्त टेबलाशी बसून इंग्लंडहून नुकतंच टपालाने आलेलं रेल्वेचं पुस्तक तिला वाचून दाखवत होता. हा त्यांचा कैक वर्षांचा परिपाठ होता. ती स्वयंपाक करायची, तो वाचायचा. पुस्तकात स्टोक फेरिस नावाच्या एका खेडेगावच्या स्टेशनचा फोटो होता. फलाटाच्या कडेने फुलांचा वाफा, आणि खाली ओळ की ही बाग स्टेशनमास्तरांनी फुलवली.

"स्टेशनमास्तरांनी? डोंबल!" सुमित्रा पाठमोरीच म्हणाली. "बाग मिसेस प्रॅटची. ते नुसते पाइप ओढत उभे राहायचे. आणि अहो, त्या बागेत एकदा तिने—"

पुढचे शब्द आले नाहीत. हातातलं उलथनं खाली पडलं, त्यामागोमाग ती. गुरुदत्तने तिचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते. तिने तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. स्टोव्हवर गूळ जळून घरभर धूर झाला.

उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोवर डाव्या बाजूचा एक काळा डाग दाखवला. तिला बरंचसं समजतं, असं ते म्हणाले. शब्द मात्र सापडत नाहीत. सापडतील का, या प्रश्नावर त्यांनी खांदे उडवले नाहीत एवढंच. महिन्याभराने ती घरी आली ती चाकाच्या खुर्चीत बसून, आणि एकच शब्द घेऊन. तो शब्द म्हणजे 'हो'. भूक लागली का? हो. पोट भरलं का? हो. दुखतंय? हो. नाही दुखत? हो.

गुरुदत्त मूळ नागपूरचा. इंजिनिअर झाल्यावर पुलांच्या कामाचं शिक्षण घ्यायला म्हणून १९५५ साली विलायतेला गेला आणि तिथल्या रेल्वेतच नोकरीला लागला. कामाची जागा मिळाली ती इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात. मोठ्या लोहमार्गाला टॉलबरी जंक्शनपाशी एक फाटा फुटला होता. एका छोट्या इंजिनामागे दोन डबे लावून ही गाडी टेकड्यांच्या कुशीतून, ओढ्याच्या काठाकाठाने वर चढायची आणि लँगमूर नावाच्या गावी जाऊन थांबायची. पुढे नुसता माळ. तिथे अशा फाट्यांना ब्रँच लाइन म्हणत. त्या मार्गावरचे दगडी पूल आणि मोऱ्या तपासणं हे गुरुदत्तचं काम. रजा काढून तो भारतात आला, अमरावतीच्या सुमित्राशी लग्न केलं आणि तिला बोटीने घेऊन गेला. स्टोक फेरिसच्या स्टेशनामागे दोन खोल्यांचं घर होतं. खिडकीतून सिग्नल दिसायचा.

सुमित्राचं इंग्रजी शाळेतलं. वाचायला येई, पण तोंड उघडायची लाज. पहिले काही महिने ती त्या गावात मुक्यासारखी राहिली. मग स्टेशनमास्तर प्रॅट यांच्या बायकोने तिला आपल्या बागेत ओढून नेलं, हातात खुरपं दिलं आणि ऐकणाऱ्याला येतं की नाही याची फिकीर न करता बोलत सुटली. बाजाराच्या दिवशी सुमित्रा गाडीने टॉलबरीला जायची. नेसूची साडी सावरत, हातात अंड्यांची टोपली घेऊन ती बोळातून धावत येताना दिसली की गार्ड हातातलं हिरवं निशाण तसंच खाली धरून थांबायचा. एकदा गाडी तिच्यासाठी एवढी थांबली की इंजिनवाल्याने उतरून रुळाकडेची रानफुलं तोडून घेतली आणि ती आल्यावर तिलाच दिली. प्रत्येक स्टेशनावर हमाल दुधाच्या बरण्या चढवता चढवता स्टेशनाचं नाव मोठ्याने ओरडायचा. ते हेल तिने जसेच्या तसे उचलले. इंग्रजीतलं तिचं पहिलं मोठ्याने बोलणं म्हणजे ती सहा नावं. टॉलबरी, मिलकोम, हॅरोज हॉल्ट, स्टोक फेरिस, विदरकोम, लँगमूर. पुढे पद्मजा झाली तेव्हा तिला मांडीवर थोपटताना सुमित्रा अंगाईच्या चालीवर तीच नावं म्हणायची.

पद्मजा चार वर्षांची असताना सरकारने तो फाटा बंद केला. तोट्यात चालत होता. शेवटच्या गाडीच्या इंजिनाला गावाने फुलांचं चक्र बांधलं. रूळ उखडायच्या कामावर देखरेख करायला जे इंजिनिअर नेमले त्यात गुरुदत्तचंही नाव होतं. तो ते काम करून घरी यायचा तेव्हा सुमित्रा त्याच्याशी बोलायची नाही. नंतर अमेरिकेतून बोलावणं आलं. शिकागोत एका पुलांच्या कंपनीत नोकरी, घर, मोटार, मुलीचं शिक्षण, सगळं झालं. महाराष्ट्र मंडळातले मित्र थट्टा करत, "डेव्हन सोडून निघाला आणि डेव्हन ॲव्हेन्यूवर येऊन राहिला लेकाचा!" तो हसायचा. पण मन तिथे अडकलं होतं ते होतंच. इंग्लंडात अशा बंद पडलेल्या फाट्यांवर हौशी माणसं छोटी छोटी पुस्तकं काढत. काळेपांढरे फोटो, हाताने काढलेले नकाशे, जुनी वेळापत्रकं. तिथला एक पुस्तकवाला ती जहाजाच्या टपालाने पाठवायचा. पार्सल उघडलं की दोघं आधी पान नाकाशी नेत. सुमित्रा म्हणायची, कोळशाचा वास येतो. तो काही खरोखर यायचा नाही.

आता घरात वाचणारा होता आणि ऐकणारी होती, पण चुका काढणारी गेली होती.

त्याने काय काय म्हणून केलं नाही! आठवड्यातून दोनदा कॅरल नावाची स्पीच थेरपिस्ट यायची. चांगली बाई होती. चित्रं दाखवून इंग्रजी शब्द म्हणवून घ्यायची. गुरुदत्तने तिला सांगितलं, हिची भाषा मराठी. कॅरल म्हणाली, मला मराठी येत नाही, तुम्ही मदत करा. त्याने बाराखडी लिहून भिंतीवर लावली. मंडळातली सुलभा देवासमोर तिची खुर्ची नेऊन रोज शुभंकरोती म्हणत बसली, कारण कुणीतरी तिला सांगितलं होतं की लहानपणचं पाठांतर जात नाही. सुमित्राने ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं, ओठ हलले नाहीत. सुलभा पदराने स्वतःचेच डोळे पुसत घरी गेली.

मार्चच्या एका रविवारी दुपारी गुरुदत्तला घरातली शांतता सहन होईना. रेडिओ नको, टीव्ही नको. त्याने शेल्फातलं ते स्टोक फेरिसचं पुस्तक काढलं आणि ती अजून गूळ ढवळते आहे असं समजून मोठ्याने वाचू लागला. "गाडी टॉलबरी जंक्शन सोडते, ओढा ओलांडते आणि पहिल्यांदा थांबते ती—"

"मिलकोम," सुमित्रा म्हणाली.

पुस्तक त्याच्या हातून निसटलं. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

"काय म्हणालीस? सुमित्रा, परत म्हण. मिलकोमनंतर?"

"हॅरोज हॉल्ट." स्वर स्वच्छ होता. शेवटच्या अक्षरावर त्या हमालाचा हेलसुद्धा होता. "स्टोक फेरिस. विदरकोम. लँगमूर."

ती स्वतःच दचकली होती. तिने डावा हात ओठांवर नेला. मग दोघंही हसू लागली आणि हसता हसता रडू लागली. त्याने तिथूनच कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला मुलीला फोन लावला. पद्मजा सांता क्लाराच्या एका कंपनीत इंजिनिअर होती, तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्याने रिसिव्हर सुमित्राच्या तोंडाशी धरला. फोनवर सहा स्टेशनं ऐकून पद्मजा पलीकडून "ओ माय गॉड, आई! आई!" एवढंच ओरडत राहिली.

मंगळवारी कॅरल आली. तिने सगळं ऐकलं, दोनदा म्हणवून घेतलं आणि गुरुदत्तला बाजूला घेऊन सावकाश समजावलं. अशा पेशंटना कधी कधी आकडे म्हणता येतात, वारांची नावं म्हणता येतात, गाणं म्हणता येतं. ती एक पाठ झालेली साखळी असते. एक कडी ओढली की पुढची आपोआप येते. "मिस्टर हळबे, हे बोलणं नाही. आनंद होऊ द्या, पण यावर इमारत बांधू नका."

पण गुरुदत्तचा उभा जन्म बांधण्यात गेला होता. तिला इंग्रजी आलं ते त्या स्टेशनांतून, मग गेलेली वाचा परत येईल तीही त्याच वाटेने, असा हिशेब त्याने मनाशी पक्का केला. स्टोक फेरिस म्हटलं की मिसेस प्रॅट आठवणार, मिसेस प्रॅट आठवली की बाग, बाग आठवली की त्या संध्याकाळी अर्धं राहिलेलं वाक्य. एकदा ते वाक्य पुरं झालं की बाकीचं यायला कितीसा वेळ? त्याने इंग्लंडच्या पुस्तकवाल्याला तार केली, डेव्हनच्या फाट्यांवर जे जे असेल ते विमानाने पाठव. ऑफिसातून लांब रजा घेतली. जेवणाच्या टेबलावर जेवण बंद झालं, तिथे पुस्तकं, नकाशे आणि मोठे करून आणलेले फोटो पसरले.

सकाळी नाश्ता झाला की तो तिची खुर्ची टेबलाशी आणायचा.

"हा फोटो बघ. हे कोण? पाइप ओढणारे. मिस्टर...?"

"हो."

"हो नाही. मिस्टर प्र... प्र..."

"हॅरोज हॉल्ट," ती म्हणायची.

सुरुवातीला तीही उत्साहाने बसे. कपाळाला आठ्या घालून ओठांची जुळवाजुळव करी. तिला पाणी हवं असलं की ती 'हॅरोज हॉल्ट' म्हणते असं एकदा त्याच्या ध्यानात आलं, आणि दोन दिवस तो हवेत होता. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तोंड फिरवलं. खिडकी बंद करायची होती. तेव्हाही ती हॅरोज हॉल्टच म्हणत होती. मग उशी हवी असताना विदरकोम. मग काहीही हवं असताना काहीही. नावं तेवढी खणखणीत यायची आणि त्यांच्या आत काही नसायचं. ते तिलाही कळायचं. नाव तोंडातून बाहेर पडलं की ती मान हलवायची, हे नव्हे, हे नव्हे, आणि पुन्हा तोंड उघडलं की पुन्हा तेच.

एप्रिल गेला, मे गेला. पार्सलं येत राहिली. गुरुदत्तची दाढी वाढली. सुलभा डबा घेऊन यायची, टेबलाकडे बघायची आणि म्हणायची, "भावजी, जरा दम घेऊ द्या तिला." तो तिला दारातूनच वाटेला लावू लागला. कॅरललाही त्याने यायला नको सांगितलं. ती खच्ची करते, तो म्हणाला. रात्री झोपताना त्याच्या मनात यायचं, हिला सगळं येतंय. ही प्रयत्न करत नाही. सकाळी त्या विचाराची शरम वाटायची आणि दुपारपर्यंत तोच विचार परत येऊन बसायचा.

जूनमध्ये पद्मजा आली. येणार हे तिने मुद्दामच कळवलं नव्हतं. फोनवर बाबांचा आवाज तिला ठीक वाटेना. तिच्याकडे घराची किल्ली होती. ती आत शिरली तेव्हा दुपारचे चार वाजत होते, पडदे ओढलेले होते. आई टेबलाशी खुर्चीत होती. समोर फोटो होता, आणि त्याच्या पलीकडे, तिचा हात पोचणार नाही अशा बेताने ठेवलेला चहाचा कप. गुरुदत्त तिच्या तोंडाशी वाकला होता.

"चहा," तो म्हणत होता. "म्हण. च-हा. सकाळपासून सांगतोय. एक शब्द, सुमित्रा. लँगमूर म्हणता येतं तुला, आणि चहा नाही म्हणता येत?"

"लँगमूर," सुमित्रा म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "लँगमूर. लँगमूर."

"बाबा!" पद्मजाने बॅग तिथेच टाकली. "व्हॉट आर यू डूइंग?"

तो दचकून वळला. मग लेकीची ओळख पटावी तसा हसला. "बरं झालं आलीस. थेरपी चालू आहे. अगदी जवळ आलीये ती."

"तिला चहा का नाही दिलात?"

"मागेल तेव्हा मिळेल."

"सकाळपासून? बाबा, तिने सकाळपासून काही घेतलं नाही?"

आपण काय करतो आहोत हे गुरुदत्तला त्या प्रश्नात दिसलं असावं, कारण त्याने कपाकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याच कुणी तिथे ठेवला होता. पद्मजाने कप उचलला, चहा गार झाला होता, तरी आईच्या ओठांशी नेला. सुमित्राने तो घेतला नाही. तिने डावा हात लांब केला आणि समोरचं पुस्तक ओढलं, तेच, स्टोक फेरिसचं. एका हाताने पान फाडणं सोपं नसतं. तिने पुस्तक छातीशी दाबून धरलं, पान मुठीत गोळा केलं आणि खेचलं. मग पुढचं. सिग्नल गेला, पूल गेले, फुलांचा वाफा गेला. पद्मजा थांबवायला पुढे झाली तर गुरुदत्तने तिचं मनगट धरलं.

"फाडू दे," तो म्हणाला.

शेवटी नुसतं पुठ्ठ्याचं कव्हर उरलं. ते काही तिला फाटेना. ते तिने जमिनीवर टाकलं आणि मान खाली घालून बसली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मग पद्मजाने कागदांचे बोळे गोळा केले, नवा चहा केला, आणि तो सुमित्रा बशीतून प्यायली.

दुसऱ्या दिवशी पद्मजाने विषय काढला. "मी आईला फ्रीमाँटला नेते. तुम्हाला ब्रेक हवाय बाबा. तिला तर हवाच आहे."

"आणि मी?"

"तुम्ही या ना नंतर. पण आत्ता नाही. प्लीज."

"तिला विचार," गुरुदत्त म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती. "तिला काय हवं ते तिला विचार."

पद्मजा आईसमोर बसली. "आई, माझ्याकडे येतेस? फ्रीमाँटला?"

"हो," सुमित्रा म्हणाली.

"का इथेच राहायचंय? बाबांजवळ?"

"हो."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिली. पद्मजाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिने पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत विचारलं, इंग्रजीत विचारलं. दर वेळी तोच 'हो', तितकाच मनापासून. घरातल्या तिघांत ती कुणाच्या बाजूची आहे, हे फक्त तिलाच ठाऊक होतं आणि तिला ते सांगता येत नव्हतं. शेवटी गुरुदत्तच उठला आणि माळ्यावरून तिची बॅग काढली. साड्या घड्या घालून भरताना त्याला कळेना की ब्लाउज कुठल्या साडीवरचा कुठला. तिने खुर्चीतून बोटाने दाखवलं. एक एक करत, न चुकता. तेव्हा तिला सगळं समजतं याची त्याला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरी खात्री पटली, आणि समजूनउमजून तिने ते सगळं सोसलं हेही.

त्या उन्हाळ्यात तो एकटा राहिला. ऑफिसात जाऊन येई, पावाला लोणचं लावून खाई. संध्याकाळी बेसमेंटमध्ये उतरून शेल्फांसमोर उभा राही. ज्या पुस्तकांनी एवढी वर्षं जीव रमवला त्यांतलं एक काढून पाहावंसं वाटेना. उघडलं की त्या शांत फलाटांवर, त्या बागांत, आपण हातात चहाचा कप लांब धरून उभे आहोत असं दिसायचं. सप्टेंबरात त्याने सुलभाच्या नवऱ्याला बोलावून पुस्तकं खोक्यांत भरली आणि गावातल्या लायब्ररीच्या विक्रीला देऊन टाकली. तिथल्या बाईने विचारलं, एवढी छान पुस्तकं, नक्की ना? तो म्हणाला, नक्की. मोटारीत येऊन बसल्यावर मात्र किल्ली फिरवायला हात उचलेना. बऱ्याच वेळाने त्याने घर गाठलं, आणि आठवड्याभरात नोकरीचा राजीनामा दिला.

ऑक्टोबरात पद्मजाने त्याला येऊ दिलं. एका अटीवर. "तिच्याकडून काही म्हणवून घ्यायचं नाही. प्रॉमिस करा."

त्याने वचन दिलं आणि पाळलं. ते पाळणं म्हणजे काय होतं हे फक्त त्यालाच ठाऊक. सुमित्रा आता काठी घेऊन चार पावलं चालत होती. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर तजेला होता. तो दारात दिसला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग शेजारच्या खुर्चीवर डाव्या हाताने थाप मारली. बस. तो बसला. त्याला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, निदान एखादं स्टेशन. ती काहीच म्हणाली नाही. पद्मजाने नंतर सांगितलं की जूनपासून तिने त्यांतलं एकही नाव उच्चारलेलं नाही. 'हो' सुद्धा क्वचितच. साखळी तुटली होती. ती आपण तोडली, असं गुरुदत्तला वाटायचं, आणि तसं नसेलच असं त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

तिची वेणी घालायचं काम त्याने घेतलं. सुरुवातीला वेणी दोरखंडासारखी व्हायची, सुमित्रा आरशात बघून हसायची. पोहे, भात, आमटी तो शिकला. फ्रीमाँटच्या एका टोकाला जुना लोहमार्ग होता, त्यावरून लांबच लांब मालगाड्या जात. एकदा औषधं आणायला जाताना फाटक लागलं आणि घंटा वाजू लागल्या. गुरुदत्तला वाटलं मोटार वळवावी. सुमित्राने काच खाली करायची खूण केली. धडाडत डबे जात राहिले, ती बघत राहिली, आणि शेवटचा डबा गेल्यावर तिने हात हलवला. तेव्हापासून ती दोघं अधूनमधून तिथे जाऊन थांबत. ती नुसती बघायची. तिच्या चेहऱ्यावर शब्द शोधायचा नाही असं तो स्वतःला बजावत असे, आणि शोधत असे. कधी तिचे ओठ किंचित उघडायचे, आणि ओठ पुन्हा मिटायचे.

अशी दोन वर्षं गेली. त्या बागेत मिसेस प्रॅटने एकदा काय केलं होतं, हे त्याला कधीच कळलं नाही. १९८७ च्या नोव्हेंबरात दुसरा झटका आला आणि सुमित्रा दोन दिवसांत गेली.

अंत्यविधीला बे एरियातली बरीच मराठी मंडळी आली. गुरुदत्तला त्यांतले फारसे कुणी ओळखीचे नव्हते. रांगेने येऊन लोक हात हातात घेत होते. एक वयस्कर बाई पुढे आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "सुटली हो बिचारी. काय ते जिणं, ना बोलणं ना चालणं. सुटली."

गुरुदत्तने त्यांच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"सुटली नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की मागचे लोक वळून पाहू लागले. "कोण म्हणतं सुटली? राहायचं होतं तिला. मंगळवारी वरणभातावर तिने आणखी तूप मागून घेतलं. बोटाने दाखवलं मला, आणखी. असं." त्याने बोट करून दाखवलं. त्याला ते खाली घेता येईना. "आणखी म्हणाली ती. आणखी."

त्या बाई ओशाळून बाजूला झाल्या. पद्मजाने येऊन त्याचा हात आपल्या हातात घेतला, हळूहळू खाली आणला आणि त्याला बाहेर मोटारीकडे नेलं. फ्रीवेवर गर्दी होती. तो खिडकीबाहेर बघत बसला होता. बऱ्याच वेळाने पद्मजाने विचारलं, "बाबा, काही खाल का घरी गेल्यावर?"

त्याने तोंड उघडलं. पण त्याला शब्द सापडेना.

"राहू दे," पद्मजा म्हणाली. "मी करते काहीतरी."